किटलीची दुसरी सावली

"किटलीला हात लावायचा नाही," बापूंनी बजावलं.

"मग चहा कशात करू?" माईंनी विचारलं.

"पातेल्यात कर."

"आणि जेवायचं कुठे?"

"गॅलरीत."

माईंनी जेवणाच्या टेबलाकडे पाहिलं. मधोमध एक चुरगळलेला टॉवेल, त्यावर किटली, किटलीला टेकून एक कांदा आणि थोडी पुढे औषधाची निळी बाटली. प्रत्येक वस्तूभोवती खडूने रेघ मारलेली होती, अपघाताच्या जागी पोलीस मारतात तशी. कांद्याला एव्हाना हिरवा कोंब फुटला होता. तो रोज वाढत होता आणि बापू रोज चित्रात तो वाढवत होते.

"कांदा तरी बदला."

"वेडी आहेस का? छाया बदलेल ना!"

बापू पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातून निवृत्त झाले होते. गरीब स्वभावाचा माणूस. न्हाव्याने भलतेच केस कापले तरी 'छान झालेत' म्हणून घरी येणारा. अशा माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीसाठी घरात हुकूम सोडले होते, म्हणून माईंनीही ते कौतुकाने ऐकून घेतले. गॅलरीत वाराही बरा येत असे.

वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये चित्रकलेचा वर्ग भरायचा. तिथे बापू कोळशाने स्थिरचित्र काढायला शिकत होते. शिकवणारे सर फार कमी बोलत आणि जे बोलत ते चांगलंच लागत असे. बापूंनी पहिलं सफरचंद काढलं, तेव्हा सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बटाटा छान आहे." पुढे टेबल काढलं, तर म्हणाले, "चारही पाय सारखे काढलेत. मागचे पाय लांब आहेत, म्हणून ते आखूड दिसायला हवेत."

बापू ते वाक्य मनात घोळवत घरी आले. लांब आहेत म्हणून आखूड. माईंनाही त्याचा उलगडा होईना. दुसऱ्या दिवशी बापूंनी भीत भीत विचारलं, "पण सर, सुताराने तर चारही पाय सारखेच केलेत."

"तुम्ही सुतार आहात का?"

"नाही."

"मग माहीत आहे ते काढू नका. दिसतं ते काढा."

येत्या रविवारी वर्गाचं प्रदर्शन होतं. सरांना पसंत पडलेलं प्रत्येकाचं एकेक चित्र हॉलच्या भिंतीवर लागलं होतं. फक्त कोपऱ्यात एक खिळा मोकळा होता आणि तो बापूंच्या वाट्याचा होता. किटलीच्या चित्रावर सर एवढंच म्हणाले होते, "जमेल. पण प्रकाश एकच हवा. एक खिडकी, एक सावली. तेवढं सांभाळा."

बापू ते प्राणपणाने सांभाळत होते. दुपारी खिडकीतून मऊ उजेड यायचा, किटलीची सावली डावीकडे अलगद पसरायची आणि बापू कोळशाने काळ्या झालेल्या बोटांनी ती कागदावर उतरवायचे. चुकलेलं पुसायला ब्रेडचा मऊ गर वापरायचा असतो, हे कळल्यापासून घरात सँडविचला नुसत्या कडा उरत. पण चित्र खरंच पुढे सरकत होतं.

आणि एके दुपारी बापू टेबलासमोर बसले, तर किटलीला दोन सावल्या.

एक डावीकडे जाणारी, नेहमीची, मऊ. दुसरी तिच्याशी फारकत घेऊन भलतीकडेच गेलेली, काळीकुट्ट, कडक. बापूंनी उजवा डोळा मिटला. मग डावा मिटला. मग दोन्ही चोळले.

"माई! इकडे ये. तुला किती सावल्या दिसतात?"

"दोन."

"अरे देवा. मला वाटलं मलाच दिसतायत."

"मग काय, दोघं जाऊन डोळे तपासून येऊ?" माई म्हणाल्या. त्यांनी चहाचा ट्रे हातात घेतला आणि टेबलाभोवती इकडून तिकडे हळूहळू फिरवला. एका जागी दुसरी सावली गडप झाली. ट्रेवर मात्र झगझगीत उजेडाचा तुकडा पडला. त्या उजेडाचा माग काढत माई खिडकीशी गेल्या आणि समोरच्या इमारतीकडे, एक मजला वर, बोट करून म्हणाल्या, "हे बघा. डंबेलवाल्यांनी नवं कपाट घेतलंय. आरशाचं."

समोरच्या त्या खिडकीत एक गृहस्थ रोज सकाळी बनियनवर उभे राहून डंबेल्स मारत. त्यांचं नाव काय, काम काय, बापू-माईंना काही माहीत नव्हतं. इतकी वर्षं खिडकीला खिडकी होती, पण ओळख डंबेल्सच्या पुढे गेली नव्हती. आता त्यांच्या खोलीतल्या आरशावर दुपारचं ऊन आदळत होतं आणि तिथून ते सरळ खाली बापूंच्या किटलीवर येत होतं.

"जाऊन सांगा त्यांना."

"काय सांगू? तुमच्या आरशामुळे माझ्या किटलीला दुसरी सावली पडते म्हणून?"

"तेच सांगा."

"लोक काय म्हणतील?"

"आपण गॅलरीत जेवतो तेव्हा म्हणतात तेच म्हणतील."

बापूंनी पुरावा म्हणून चित्राची पाटी बगलेत मारली, खिशात पेन्सिल आणि कोळशाच्या कांड्या तशाच राहिल्या आणि ते निघाले. "इथे कोणाला फिरकू देऊ नकोस," असं जाताना माईंना तिसऱ्यांदा सांगितलं.

समोरच्यांचं दार उघडलं आणि डंबेलवाले बनियनवरच पुढे आले. बापूंना पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"अरेच्चा! किटलीवाले!"

"आँ?"

"अहो, या, या! बायकोला मी रोज सांगतो, बघ, यांनी किती दिवस किटली मांडून ठेवलीय, पण चहा कोणी पीत नाही. आम्हाला वाटलं, काही भांडणबिंडण असेल."

बापूंनी खालमानेनं सगळी हकीकत सांगितली. चित्र दाखवलं, सावली दाखवली, प्रदर्शनाचं सांगितलं. डंबेलवाले एकदम गंभीर झाले.

"म्हणजे आमच्या कपाटामुळे एका कलाकाराचं नुकसान होतंय."

बापूंना आजवर कोणी कलाकार म्हटलं नव्हतं. त्यामुळे पुढचं वाक्य बोलायला त्यांना अंमळ उशीर झाला. "नाही, म्हणजे... आरशावर नुसती चादर टाकली तरी..."

"चादर? छे, छे! चादर आज टाकली, उद्या पडली. कपाटच हलवू ना! बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवू. तशीही बायको कपाटाबद्दल काहीतरी म्हणतच होती."

बायको काय म्हणत होती ते नंतर कळलं. 'माझ्या गैरहजेरीत कपाटाला हात लावू नका,' असं ती म्हणत होती.

झोपायची खोली लांबोडकी होती. दार या टोकाला, तर कपाट पार त्या टोकाला, खिडकीसमोर. बापू दाराशीच थांबले.

"पण हे दारातून जाईल का? आलं कसं होतं?"

"सुटं आलं होतं. माणसांनी इथेच जोडलं."

"मग मोजायला पाहिजे. टेप आहे का?"

"टेप कशाला? तुम्ही चित्रकार. तुमची नजर म्हणजे टेपच की!"

बापूंनी पेन्सिल काढली, वर्गात शिकवलं होतं तसा हात ताठ केला, एक डोळा मिटला आणि समोरच्या टोकाचं कपाट पेन्सिलीवर अंगठ्याने मोजलं. अर्धी पेन्सिल भरली. मग तिथेच उभं राहून वळले आणि हाताच्या अंतरावर असलेलं दार मोजलं. दार पेन्सिलीत मावेचना.

"आरामात जाईल," बापू म्हणाले. "एका वेळी दोन जातील."

कपाट कपड्यांनी भरलेलं होतं. "रिकामं करायचं का?" बापूंनी विचारलं. "कशाला? तेवढाच व्यायाम," डंबेलवाले म्हणाले. आरशाला धक्का नको म्हणून आरसा आपल्याकडे आणि पाठ दाराकडे अशा बेताने दोघांनी दोन बाजू धरल्या आणि कपाट निघालं. पण दाराच्या दिशेने ते जसजसं सरकत गेलं तसतसं मोठं होत गेलं. बापूंच्या ते लक्षात येत होतं. अर्ध्या वाटेत ते बरंच मोठं झालं होतं. दाराशी पोचलं तेव्हा अवाढव्य झालं होतं. लांबची वस्तू लहान दिसते, जवळची मोठी, हे सर इतके दिवस जे मोजक्या शब्दांत सांगत होते, ते बापूंना त्या क्षणी लख्ख समजलं. मात्र तोवर कपाट दाराला टेकलं होतं.

"थांबा, थांबा," बापू म्हणाले, "माझं जरा चुकलं."

"काही चुकलं नाही. तिरकं करून घालू. मी आहे ना!"

डंबेलवाल्यांनी कपाट तिरकं केलं, त्याचा एक कोपरा दारात घातला आणि खांदा लावला. बापू "अहो, नको" म्हणेपर्यंत खोलीत 'कर्र' असा आवाज झाला. कपाट हातभर पुढे गेलं आणि दारात घट्ट बसलं. एक कोपरा बाहेर, एक आत, डोकं एका बाजूला कललेलं. दाराची चौकटही त्याच्यासोबत कलली होती. पुढे ढकलून पाहिलं. मागे ओढून पाहिलं. कपाट जागचं हलेना.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"फोन करा कोणाला तरी," बापू म्हणाले.

त्याच वेळी बाहेरच्या खोलीत फोन वाजू लागला. "तो माझाच," डंबेलवाले म्हणाले. "तुमचा?"

"घरी. कोळशाने काळा होतो म्हणून माई हात लावू देत नाही."

मग दोघं खिडकीकडे धावले. खाली, समोर, बापूंच्या घरात माई टेबलापाशी पहारा देत बसल्या होत्या. गल्लीत रस्ता फोडायचं यंत्र धडधडत होतं. दोघांनी हात हलवले, हाका मारल्या. माईंनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा आनंदाने फुलला. त्यांनी किटलीकडे बोट दाखवलं, मग एक बोट वर केलं. एकच सावली! झकास! मग दोन्ही हातांनी खूण केली, आता हलू नका.

"कपाट अडकलं!" बापू ओरडले.

माईंनी कानाला हात लावला. "काय?"

"कपाट! अडकलं!"

माईंना त्या धडधडीत 'कपात टाकलं' एवढं ऐकू आलं. चहा कपात टाकला असं सांगतायत तर. बरं झालं, माणसं चांगली निघाली. "घ्या, घ्या!" त्या तोंडाशी हात धरून ओरडल्या. "सावकाश घ्या! मी आहे इथे!" आणि धूळ येते म्हणून त्यांनी खिडकीचं तावदान लावून घेतलं.

"काय म्हणाल्या?" डंबेलवाल्यांनी विचारलं.

"सावकाश घ्या म्हणाली."

डंबेलवाले पलंगाच्या कडेवर बसले. त्यांच्या पत्नी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि आज त्यांची मीटिंग होती. म्हणजे संध्याकाळपर्यंत सुटका नाही, आणि संध्याकाळनंतर तर त्याहून नाही, हे सांगताना त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. डंबेल्स पायाशी पडले होते. तिकडे बघायचीही त्यांना इच्छा होत नव्हती.

बापूंना फार वाईट वाटलं. आपल्या एका सावलीसाठी भल्या माणसाचं दार गेलं. ते स्टुलावर बसून कपाटाकडे बघत राहिले.

बघता बघता त्यांना एक गंमत जाणवली. टेबल कसं असतं ते त्यांना माहीत होतं. किटली माहीत होती, कांदा माहीत होता, म्हणून चित्र काढताना हात मनातलंच काढायचा. पण दारात तिरकं अडकलेलं, डोकं कललेलं कपाट त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्याबद्दल त्यांना काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ही कड अशी खाली येते. ती कड तशी वर जाते. पुढचा पाय मोठा, मागचा लहानसा. लांब आहे, म्हणून आखूड! खिडकीतला उजेड आरशाच्या कडेवर चांदीसारखा लागलाय, आतल्या फटीत गडद काळोख आहे आणि त्या काळोखाच्या आणि उजेडाच्या मधे किती तरी राखाडी रंग आहेत.

बापूंनी पाटीवरचा किटलीचा कागद काढून खालचा कोरा कागद वर घेतला.

"काय करताय?" डंबेलवाल्यांनी विचारलं.

"हलू नका," बापू म्हणाले.

डंबेलवाले पहिल्यांदा चमकले, मग जरा नीट बसले. मग पाठ ताठ केली. "असा बसू का?"

"आधी बसला होतात तसेच बसा. हताश."

"ते जमेल."

कोळसा कागदावर खरखरत राहिला. कधी बोटाने पसरायचं, कधी अंगठ्याने दाबायचं. मधूनच डंबेलवाले "बघू?" म्हणायचे, बापू पाटी वळवायचे आणि डंबेलवाले "अरे वा!" म्हणून पुन्हा हताश होऊन बसायचे. हळूहळू त्यांना हताश दिसायला कष्ट पडू लागले, कारण आता ते भलतेच मजेत होते.

बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला. चपला काढल्या गेल्या. पावलं आली आणि थबकली.

"हे काय आहे?" मुख्याध्यापिका बाईंचा आवाज.

"कपाट आहे," आतून डंबेलवाले म्हणाले.

"ते दिसतंय मला. दारात काय करतंय?"

"बाहेर येत होतं."

"आणि तुम्ही कुठे आहात?"

"आत."

"आणि हे दुसरं कोण खोकतंय?"

"किटलीवाले आहेत."

बाहेर बराच वेळ शांतता पसरली. शाळेतली मुलं ज्या शांततेला घाबरत, तीच. मग बाईंनी सुताराला फोन लावला. सुतार हत्यारांची पेटी घेऊन आला, तोवर माईही येऊन पोचल्या. एवढा वेळ कसला चहा, म्हणून त्या बघायला आल्या होत्या. कपाटाची पाठ पाहून त्यांनी कपाळाला हात लावला आणि फटीला तोंड लावून विचारलं, "अहो, तुम्ही बरे आहात ना?"

"एकदम," बापूंचा आवाज आला. त्यात जरासुद्धा पश्चात्ताप नव्हता.

सुताराने चौकट ठोकून पाहिली, वरून खालून अंदाज घेतला. "पाचर मारून खेचलं की सुटेल. सगळे मागे व्हा. एक, दोन..."

"थांबा!"

माई दचकल्या. असा आवाज बापूंच्या गळ्यातून निघू शकतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"कपाटाखालची सावली राहिलीय. कोणी हलवायचं नाही!"

"हो, हलवू नका," डंबेलवाल्यांनीही आतून दम भरला. "माझा डावा पाय अजून व्हायचाय."

सुताराने हातोडी खाली केली. "बाई, मी अडकलेल्यांना सोडवतो. न सुटायलाही माणसं बोलावतात, हे आज कळलं."

"ब्रेड आहे का घरात?" आतून बापूंनी विचारलं.

बाईंचा राग एकदम निवळला. शेवटी पाहुणा माणूस, दुपारपासून उपाशी. त्यांनी घाईने दोन स्लाइसना लोणी आणि जॅम लावला आणि त्या फटीतून आत सरकवल्या.

"लोणी नको हो. जॅमही नको. नुसता मधला मऊ भाग हवाय."

"पथ्य आहे का काही?"

"नाही, नाही. आरशावरचा उजेड काढायचाय."

बाईंनी माईंकडे पाहिलं. "सवय होते," माई म्हणाल्या. मग बाईंनी उरलेल्या ब्रेडच्या कडा भाजल्या, चहा टाकला आणि तिघंही कपाटाच्या पाठीशी खुर्च्या टाकून बसली. आतल्यांचा चहा फटीतून आत गेला. बाईंनी माईंना विचारलं, तुम्ही गॅलरीत का जेवता. माईंनी बाईंना विचारलं, तुम्ही रविवारी सकाळी खिडकीत उभ्या राहून हातवारे करून कोणाला रागावता. "कोणाला नाही हो, भाषणाची तयारी करते," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांचं बघणं होतं, पण बोलणं आज होत होतं. सुताराने दुसरा कप मागून घेतला.

अखेर आतून आवाज आला, "झालं! खेचा."

कपाट एका हिसक्यात सुटलं. आत पलंगाच्या कडेवर डंबेलवाले आणि स्टुलावर कपाळापर्यंत काळे झालेले बापू. बाई तावातावाने आत शिरल्या. कललेली चौकट दाखवून बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि पाटीवर नजर पडून ते तसंच राहिलं. कागदावर त्यांचं कपाट होतं. कपाटाच्या कडेवर उजेड होता आणि त्याच्या पोटात असा काळोख होता की हात घालावा आणि कोट बाहेर काढावा. मागे पलंगावर बसलेला माणूस पाहून तर त्यांना हसूच फुटलं. माईंनी चित्राजवळ बोट नेलं आणि न लावताच मागे घेतलं.

"हे तुम्ही काढलं?"

"दिसलं तसं," बापू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. 

"दार वाकडं आहे," सर म्हणाले.

"सर, दार वाकडंच आहे."

"दारं वाकडी नसतात. उभी रेघ उभीच. पहिल्या दिवशी शिकवलंय. बाकी चित्र भिंतीवर लावण्यासारखं आहे. दार सरळ करून द्या, लावतो."

रेघ चिमूटभर ब्रेडने पुसून सरळ काढली असती की काम झालं असतं. बापू तासभर ब्रेडचा गोळा हातात घेऊन बसले. वर्ग सुटला. ते सरांपाशी गेले. गोळा मळून मळून काळा पडला होता, पण दाराला त्यांनी तो लावला नव्हता.

"सर, मी नाही बदलणार. तुम्ही बघायला चला."

अख्खं वाक्य त्यांनी न अडखळता पूर्ण केलं. सरांनी त्या काळ्या गोळ्याकडे पाहिलं. "शनिवारी येतो," म्हणाले.

मग बापूंच्या लक्षात आलं की सुतार तर उद्या सकाळीच चौकट सरळ करायला येणार. ते धावतच बाईंकडे गेले.

"दार दुरुस्त करू नका! शनिवारपर्यंत असंच राहू द्या."

"अहो, ते लागत नाही. सारखं करकरतं."

"सर तपासायला येणार आहेत."

बाईंनी क्षणभर विचार केला. "तपासणी झाल्याशिवाय पेपर फाडायचा नसतो, हे मात्र खरं," असं म्हणून त्यांनी सुताराला फोन करून थांबवलं.

शनिवारी सर आले. माई आल्या होत्या. शनिवारी दुसरीकडे काम असूनही सुतार आला होता. डंबेलवाले तर त्या दिवशीचाच बनियन घालून पलंगाच्या कडेवर तस्सेच बसून होते. तपासणीत त्रुटी नको. सरांनी कोणाकडे पाहिलं नाही. स्टुलावर बसले, पेन्सिल काढली, हात ताठ केला, एक डोळा मिटला. चौकट पाहिली, चित्र पाहिलं, पुन्हा चौकट पाहिली. पेन्सिल हळूहळू कलत गेली आणि चौकटीइतकी कलून थांबली.

"बरोबर आहे," सर म्हणाले.

हे शब्द सरांच्या तोंडून वर्गातही कोणी ऐकले नव्हते. माईंनी बाईंचा हात दाबला. बापूंना बसायला जागा हवी होती, पण स्टुलावर सर होते.

सर मात्र अजून चित्रच बघत होते. त्यांनी पेन्सिल वळवली आणि डंबेलवाल्यांच्या चेहऱ्यासमोर धरली. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं.

"नाक चुकलंय. लहान काढलंय."

बापूंचे कान लाल झाले. डंबेलवाले छताकडे बघू लागले.

"दार दिसलं, नाक दिसलं नाही?" सरांनी विचारलं.

"दिसलं, सर. स्पष्ट दिसलं. पण यांनी विनंती केली... जरा कमी करा म्हणाले. दुपारभर माझ्यापायी कोंडून घातलेला माणूस. नाही म्हणवेना."

खोलीत कोणाला हसावं की नाही ते कळेना. शेवटी बाईंनी प्रश्न सोडवला.

"पूर्ण काढा हो," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मी ते पूर्णच बघतेय. मला आवडतं ते तसं."

डंबेलवाल्यांनी छतावरची नजर खाली आणून बायकोकडे पाहिलं. असं काही त्या आजवर बोलल्या नसाव्यात. सर उठले. त्यांनी स्टूल बापूंना दिलं आणि स्वतःच्या खिशातली कोळशाची कांडी त्यांच्या हातात ठेवली.

बापूंनी एक डोळा मिटला. "हलू नका," ते म्हणाले.

डंबेलवाले मुळीच हलले नाहीत. फक्त फोटो काढताना लोक पोट आत घेतात तसा त्यांनी श्वास ओढून धरला. तेवढ्याने नाक थोडं आत जाईल, अशी त्यांना बहुधा अजून आशा होती.